उभ्या खाचांचे घर

मित्रांनो, कुलुपांच्या त्या दुकानात काउंटरच्या मागे, भिंतीवरच्या खिळ्याला दोरीने टांगलेला एक जुना पेचकस तुम्हाला दिसेल. लाकडी मुठीवर अंगठ्याएवढा खळगा आणि टोकाचा एक कोपरा किंचित झिजलेला. तो मी. नवी पिढी मला स्क्रू ड्रायव्हर म्हणते. म्हणो बापडी! पण वय झाले की ज्याला त्याला आपले जुने नावच गोड लागते, तसे माझेही झाले आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. लालबुंद सळई ऐरणीवर ठेवून कारागिराने तिचे टोक ठोकून चपटे केले आणि मला तेलात बुडवले. तेव्हा मी केवढा चरचरलो! मग कानस आली आणि तिने मला घासघासून सरळ केले. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे म्हणतात. मला देवपण नको होते, पण घाव काही चुकले नाहीत. शेवटी लाकडाची मूठ बसली आणि मी माझ्या भावंडांबरोबर एका खोक्यात जाऊन पडलो.

त्या खोक्यातून मला ज्यांनी उचलले, ते माझे थोरले मालक. ते कुलुपे दुरुस्त करत, किल्ल्या घडवत आणि दारांना कड्या बसवत. खाली दुकान होते आणि वरच्या मजल्यावर घर. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची चिंचोळी बाल्कनी, एवढाच पसारा. त्यांनी मला हातावर दोनदा तोलले, माझे टोक नखावर घासून पाहिले आणि म्हणाले, "हा चालेल." कौतुकाच्या बाबतीत थोरले मालक हात राखूनच असत.

माझे पहिले काम मला अजून आठवते. घराचे मुख्य दार बसवायचे होते. ते इतके जड होते की दोन माणसे ते जिन्यावरून उचलून आणताना तीनदा थांबली. थोरल्या मालकांनी मात्र खिशातून काढले अठरा स्क्रू. एकेक तुमच्या बोटाच्या दोन पेरांएवढा. मला हसूच आले. म्हटले, हत्तीला दोऱ्याने बांधायला निघालेत! तीन बिजागऱ्या, एकेकीला सहा स्क्रू, असे आम्ही एक एक करून बसवत गेलो. मग त्यांनी दाराखालचा टेकू काढला. दार खाली आले नाही. ते हवेत तसेच राहिले आणि एका बोटाने ढकलले तसे मुकाट्याने फिरले. मित्रांनो, मी थक्क झालो. एवढ्याशा पिळाच्या खिळ्यांत एवढे बळ कुठून आले? हा प्रश्न मला आजही पडतो आणि आजही त्याचे उत्तर मिळाले की पुन्हा नवे वाटते.

थोरल्या मालकांचा एक नियम होता. स्क्रूच्या डोक्यावर एक सरळ चीर असते, तिला खाच म्हणतात. माझे टोक त्या खाचेत बसते. थोरले मालक स्क्रू पुरता आवळल्यावर त्याची खाच बरोबर उभी ठेवत. आडवी नाही, तिरकी नाही, उभी. पुरता आवळूनही ती तिरकी राहिली, तर तो स्क्रू काढत आणि दुसरा लावून पाहत. लोक हसत. शेजारचे इस्त्रीवाले तर म्हणत, "अहो, स्क्रूला काय भांग पाडताय का?"

थोरले मालक म्हणत, "स्क्रू सैल व्हायला लागला की त्याची खाच फिरते. सगळ्या उभ्या असल्या की फिरलेली लगेच दिसते. घर बोलत नसतं बाबा, पण सांगत असतं."

त्या घरात दोनशेच्या वर स्क्रू होते आणि सगळ्यांच्या खाचा उभ्या होत्या. दुपारचे ऊन तिरके आले की दारांवर, खिडक्यांवर, कपाटांवर त्या बारीक उभ्या रेघा चमकत. मी प्रत्येकीला ओळखत होतो.

मग थोरले मालक गेले. त्यांच्या अंगठ्याचा खळगा माझ्या मुठीवर राहिला. दुकान धाकट्या मालकांकडे आले आणि त्यांच्या मागोमाग एक पिवळे यंत्र आले. बॅटरीवर चालणारे. घुर्रर्र केले की स्क्रू आत. मी एक स्क्रू बसवीपर्यंत त्याचे दहा व्हायचे. खोटे कशाला बोलू, मीसुद्धा तोंडात बोट घालून बघत राहिलो. पण त्या दिवसापासून माझ्या वाट्याला आली ती इतर कामे. माझ्या टोकाने रंगाच्या डब्यांची झाकणे उचकटली. माझ्या टोकाने फरशीवरचे वाळलेले सिमेंट खरवडले. एकदा तर धाकट्या मालकांनी माझ्या मुठीवर हातोडी मारून मला छिन्नीसारखे वापरले. टोकाचा कोपरा झिजला तो तेव्हाच. नंतर मला खणात टाकले ते सात वर्षे. वर जुन्या किल्ल्यांचा ढीग.

त्या खणातून मला बाहेर काढले ते एका पत्राने.

त्याचे असे झाले. धाकटे मालक आणि मालकीणबाई यांना मूल नव्हते. मालकीणबाई चष्म्याच्या दुकानात काम करत. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांना काय दिसते ते विचारायचे आणि संध्याकाळी घरी आल्यावर आपल्या रिकाम्या खोलीकडे बघायचे टाळायचे. सहा वर्षांपूर्वी दोघांनी मूल दत्तक घेण्यासाठी नाव दिले होते. सहा वर्षे कागदपत्रे आणि सहा वर्षे वाट. शेवटी एका संस्थेत त्यांना चार वर्षांची एक मुलगी भेटली. पहिल्या भेटीत ती बोलली नाही. दुसऱ्या भेटीत तिने धाकट्या मालकांच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा हातात घेतला आणि एक एक किल्ली सरकवत शेवटपर्यंत मोजली. तेवढ्याने मालकांची झोप उडाली. मग दोघांना दुसरे काही सुचेना.

आणि आता पत्र आले होते. मालकीणबाई ते घेऊन जिना उतरून दुकानात आल्या.

"अहो, घर बघायला येणार आहेत. तपासणी आहे. मुलीसाठी घर नीट आहे की नाही, ते ठरवणार."

"कधी?"

"अकरा दिवसांनी."

धाकटे मालक हातातली किल्ली घासत होते. ती त्यांनी इतकी घासली की तिचे दात गेले. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला परत यावे लागले.

मालकीणबाईंनी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे यादी केली. न्हाणीघरातला नळ ठिबकतो. स्विचबोर्डाचे झाकण हलते. खिडकीचे हँडल निघते. उंबरठ्याजवळ खिळा वर आला आहे. कपाट डुगडुगते. बाल्कनीचा कठडा बघायचा. यादी संपली तशी त्या म्हणाल्या, "एवढं सगळं मोडलेलं होतं आणि आपण राहत होतो?"

"आपल्याला सवय झाली होती," धाकटे मालक म्हणाले.

त्यांनी पिवळे यंत्र उचलले आणि ते घेऊन वर गेले. पण घरातले सगळे स्क्रू थोरल्या मालकांच्या हातचे, जुन्या सरळ खाचेचे. यंत्राचे टोक त्यांच्यावरून घसरू लागले. दोन खाचा ओरबाडल्या गेल्या. मग धाकटे मालक खाली आले, खण उघडला आणि किल्ल्यांच्या ढिगाखालून मला काढले. त्यांनी मला सदऱ्याने पुसले. "बाबांचा," एवढेच म्हणाले. माझ्या खळग्यात त्यांचा अंगठा बसला. तो बरोबर मावला.

घर पाहावे बांधून, असे म्हणतात. मी म्हणतो, घर पाहावे दुरुस्त करून! त्या दहा दिवसांत मी जे पाहिले, ते आधीच्या तीस वर्षांत पाहिले नव्हते. नळ उघडला तर आत बोटाच्या पेराएवढा रबरी वायसर. त्याची कड झिजली म्हणून रात्रंदिवस पाणी वाया जात होते. एवढीशी चकती एवढ्या पाण्याला अडवून धरते! स्विचबोर्डाचे झाकण हलत होते, कारण चारपैकी दोन स्क्रू कधीच पडून गेले होते. आत जिवंत तारा आणि बाहेर लहान बोटे, मध्ये फक्त दोन स्क्रू.  ते बसवण्याआधी मालकांनी मेन स्विच बंद केला आणि बंद केल्याचे तीनदा जाऊन पाहिले. कपाटाची गंमत तर विचारूच नका. ते भिंतीला धरून उभे आहे, असे सगळ्यांना वाटायचे. प्रत्यक्षात ते नुसतेच उभे होते. कुणी खणात पाय ठेवून वर चढले असते, तर ते अंगावरच आले असते. आम्ही त्याला दोन लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडले.

आणि कठडा. बाल्कनीच्या कठड्याचे आठ स्क्रू होते. धाकटे मालक गुडघ्यावर बसले आणि त्यांनी एकेक पाहिला. आठपैकी तीन खाचा तिरक्या झाल्या होत्या. रोज सकाळी तिथेच उभे राहून ते चहा पीत आणि तिन्ही खाचा रोज सांगत होत्या. ऐकले कुणीच नव्हते. मालकांनी कठड्याला हात लावला तर तो हलला.

"बाबांनी सांगून ठेवलं होतं," ते म्हणाले.  जुनी भोके सोडून त्यांनी नवी पाडली आणि त्यांत लांब स्क्रू बसवले. दोघांनी मिळून कठडा ढकलून पाहिला. तो तसूभरही हलला नाही. इथपर्यंत सगळे उत्तम चालले होते.

पण मित्रांनो, त्या कठड्याने मालकांच्या मनात भीती घातली. आणि कुलूपवाल्याला भीती वाटली की तो काय करणार? कडी लावणार! त्यांनी औषधांच्या कपाटाला कडी लावली. योग्यच केले. गॅसखालच्या कपाटाला लावली. तेही योग्य. बाल्कनीच्या दाराला, मुख्य दाराला आणि सुऱ्यांच्या खणाला लावली. मग साखरेच्या कपाटाला, पुस्तकांच्या कपाटाला, मुलीसाठी आणलेल्या खेळण्यांच्या पेटीला. खाली दुकानात कड्यांचा तुटवडा नव्हता आणि वर त्यांच्या हातांना थांबता येईना. मी आपला पिळत होतो. जन्मभर मला तेवढेच शिकवले होते.

"अहो, पुरे," मालकीणबाई म्हणाल्या.

"असू दे गं. मुलं कुठं हात घालतील सांगता येत नाही."

"पण हा मोज्यांचा खण आहे!"

"असू दे."

एकूण चोवीस कड्या झाल्या. अति तिथे माती, ही म्हण मालकांना ठाऊक होती, पण ती आपल्याला लागू पडते असे कुणालाच वाटत नाही. सगळ्यांत शेवटी त्यांनी मुलीच्या खोलीतले छोटे कपाट केले. हे त्यांनी स्वतः तिच्यासाठी बनवले होते. त्याच्या दाराला लाकडाची गोल मूठ होती आणि तिचा स्क्रू दाराच्या आतल्या बाजूने बसत होता. उद्यावर तपासणी, हात थकलेले. स्क्रू आवळताना खाच उभी आली, पण पकड अजून पुरी झाली नव्हती. मला ते कळले. पाव फेरा बाकी होता. पण पाव फेरा दिला असता तर खाच आडवी झाली असती. मालक थबकले, खाचेकडे पाहिले आणि मला बाहेर काढले. कपाटावर वरून चोविसावी कडी बसली. मला बोलता येत नाही, याचे त्या दिवशी फार वाईट वाटले.

तपासणीच्या बाई आल्या त्या सकाळी दहाला. पन्नाशीच्या, खांद्याला कापडी पिशवी, आवाज शांत. मी धाकट्या मालकांच्या सदऱ्याच्या खिशात होतो. त्यांच्या छातीची धडधड मला मुठीत जाणवत होती. मालकीणबाई चहा करायला गेल्या आणि साखरेच्या कपाटाशी अडल्या. त्या ओढतात, दाबतात, पुन्हा ओढतात. शेवटी आतून हाक आली, "अहो, जरा येता का?" मालकांनी जाऊन साखर सोडवली.

बाईंनी नळ फिरवला. स्विचबोर्ड चाचपला. कपाट दोन्ही हातांनी ओढून पाहिले. कठड्यावर त्यांनी अंगाचा सगळा भार टाकला, तेव्हा मालकीणबाईंनी डोळेच मिटले. "पक्का आहे," बाई म्हणाल्या. मग त्या दाराच्या बिजागरीपाशी थांबल्या. "सगळ्या खाचा उभ्या? मुद्दाम?"

मालकांनी वडिलांचा नियम सांगितला. बाई ऐकत राहिल्या आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. मालकांची मान ताठ झाली. माझीही झाली असावी.

त्यानंतर बाईंनी जे केले, तसे मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी पिशवीतून घडी घातलेला टॉवेल काढला, जमिनीवर टाकला आणि त्यावर गुडघे टेकले. मग त्या गुडघ्यांवर चालू लागल्या. टॉवेल पुढे सरकवायचा, एक गुडघा, दुसरा गुडघा. हात चार वर्षांच्या मुलीचा पोचेल तेवढाच उंच. त्या प्रत्येक दाराशी, प्रत्येक खणाशी थांबून ओढून पाहत होत्या. एवढी मोठी बाई, केस पिकलेले, आणि लहान मुलीच्या डोळ्यांतून घर बघत होती. मला अंगावर काटा येतो म्हणजे काय, ते तेव्हा समजले. स्वयंपाकघर झाले, मधली खोली झाली, मुलीची खोली झाली. छोट्या कपाटाची मूठ त्यांनी ओढली. कडीने दार अडवले.

बाई तिथेच टॉवेलवर बसल्या.

"मुलीच्या हातानं उघडेल असं या घरात काय आहे?"

मित्रांनो, कुलूपवाल्याच्या धंद्यात सगळ्यांत मोठी शाबासकी कोणती, माहीत आहे? गिऱ्हाईक आठ दिवसांनी येऊन म्हणते, "किल्लीशिवाय नाही उघडत हो!" तीच. धाकटे मालक जन्मभर तीच ऐकत आले होते. त्यांचा चेहरा फुलला.

"काहीच नाही, मॅडम! एकसुद्धा नाही. तुम्ही कितीही ओढून बघा."

"बघितलं मी," बाई म्हणाल्या. "तोच तर प्रश्न आहे."

 मालकीणबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

बाई म्हणाल्या, "ती राहते तिथं चाळीस मुलं आहेत. तिथं सगळ्याला कुलूप लागतं, त्याला इलाज नाही. कपडे, खेळणी, बिस्किटांचा डबा. ही मुलगी दिवसातून दहा वेळा विचारते, 'उघडू का?' इथं येऊनही तिला तेच विचारावं लागलं, तर तिला घर मिळालं असं कसं म्हणू?"

"पण तिला काही लागलं तर? पडली तर?" मालकांनी विचारले.

"औषधं, गॅस, सुऱ्या, बाल्कनी, बाहेरचं दार. तिथं कडी हवीच. नसती तर मीच मागितली असती. पण मोज्यांना कशाला हो?" बाईंनी उठण्यासाठी मालकीणबाईंचा हात धरला. "मी नाही म्हणत नाहीये. पण आज हो म्हणता येत नाही. पुढच्या बुधवारी परत येते."

त्या गेल्यावर धाकटे मालक जिन्याच्या पायरीवर बसले. हात दाखवून अवलक्षण, असे त्यांचे झाले होते. "सहा वर्षं," ते म्हणाले. "आणि मी माझ्या हातानं कडी घातली."

मालकीणबाई त्यांच्याशेजारी बसल्या. त्यांना रडू येत होते आणि मध्येच हसू फुटत होते. "मला एक सांगा, मोजे चोरायला कोण येणार होतं?" मग पदराने डोळे पुसून त्या उठल्या. "चला. तुम्ही काढायला घ्या. मी भोकं बुजवते."

आणि मित्रांनो, त्या दिवशी मी उलटा फिरलो. आजवर मीही स्क्रू सोडवले होते, नाही असे नाही. पण ते दुसरा घट्ट करण्यासाठी. एकामागून एक नुसते सोडवतच जायचे, हे मला नवे होते. पहिलाच स्क्रू सोडवताना मालकांचे मनगट अडखळत होते. पाचव्या कडीला ते सैलावले. दहाव्या कडीला ते शीळ घालू लागले. मालकीणबाई भोकांत भुसा आणि सरस भरून वर बोट फिरवत होत्या. एकोणीस कड्या निघाल्या. प्रत्येक कडी निघाली की ते दार आपणहून थोडेसे उघडायचे. मी पाहतच राहिलो. घट्ट धरून ठेवण्यात बळ असते, हे मी पहिल्या दिवशी शिकलो होतो. सोडण्यातही ते लागते, हे शिकायला मला म्हातारपण यावे लागले.

पाच कड्या राहिल्या. शिवाय मालकांनी मालकीणबाईंचा टॉवेल मागून घेतला, त्यावर गुडघे टेकले आणि तसे चालत घरभर फिरले. आपल्याच घरात त्यांना टेबलाची खालची बाजू पहिल्यांदा दिसली. मुलीची टोपी अडकवायची खुंटी त्यांनी स्वतःच्या कमरेइतकी खाली आणली. पुस्तके खालच्या फळीवर आली. बिस्किटांचा डबासुद्धा.

बुधवारी बाई पुन्हा गुडघ्यांवर चालल्या. या वेळी दारे उघडत गेली. छोटे कपाट उघडले तर आत काहीच नव्हते.

"रिकामं?"

"तिचं आहे," मालक म्हणाले. "काय ठेवायचं ते ती ठरवेल."

बाईंनी ते हळूच लावले. बराच वेळ वहीत लिहीत राहिल्या. जाताना म्हणाल्या, "पत्र रीतसर येईल. पण तुम्ही पलंगावर चादर घालून ठेवायला हरकत नाही." मालकीणबाई तिथूनच चादर काढायला वळल्या.

महिन्याभराने ती आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तिच्या मापाची नसलेली चप्पल. ती घरात आली आणि मधोमध उभी राहिली. कशालाही हात लावला नाही. मग छोट्या कपाटाकडे बघून विचारले, "उघडू का?"

"उघड की. तुझंच आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही तिने विचारले. तिसऱ्या दिवशीही. बिस्किटांसाठी, पुस्तकासाठी, स्वतःच्या फ्रॉकसाठी. "उघडू का?" मालक दर वेळी तितक्याच उत्साहाने हो म्हणत आणि नंतर दुकानात येऊन एकच किल्ली घासत बसत. कड्या काढायला एक दिवस लागला होता. तिच्या मनातल्या या कडीला माझ्यासारख्याचा उपयोग नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी वरून मालकीणबाईंची हाक आली. मालक मला हातात घेऊनच धावले. मुलगी सापडत नव्हती. बाल्कनीचे दार बंद होते, कडीही जागेवर होती. शेवटी ती खोलीच्या दारामागे दिसली, भिंतीला चिकटून. मूठ आवळलेली. त्या मुठीत दुसरी मूठ होती, छोट्या कपाटाची गोल लाकडी मूठ. स्क्रू जमिनीवर पडला होता.

"मी नाही तोडलं," ती म्हणाली.  "मला परत पाठवू नका."

 धाकटे मालक खाली जमिनीवर बसले. त्यांनी स्क्रू उचलला, त्याची खाच पाहिली आणि त्यांना आठवले. मलाही आठवले. उभ्या खाचेसाठी राखलेला तो पाव फेरा.

"तू नाही तोडलंस," ते म्हणाले. "मीच नीट बसवलं नव्हतं. दिसायला छान दिसावं म्हणून अर्धवट सोडलं होतं. चूक माझी. आणि मोडलं म्हणून कुणाला परत पाठवत नसतात. मोडलं की दुरुस्त करतात. करूया का आपण दोघं?"

तिने त्यांच्याकडे पाहिले. मग मूठ उघडली.

मालकांनी बाहेरून लाकडी मूठ धरली आणि आतल्या बाजूला स्क्रू टेकवून मला तिच्या हातात दिले. मित्रांनो, तो हात माझ्या मुठीला पुरला नाही. तिने दुसराही हात लावला. थोरल्या मालकांच्या अंगठ्याच्या खळग्यात तिचा अंगठा बुडून गेला. मी भट्टी पाहिली, तेल पाहिले, अठरा स्क्रूंवर लटकलेले दार पाहिले. पण त्या दोन हातांत मी जसा थरारलो, तसा कधीच नाही. ती पिळत होती. जीभ ओठांबाहेर, भुवया एकत्र. माझे टोक दोनदा घसरले. तिने दोनदा परत बसवले.

"पुढं जात नाहीये," ती शेवटी म्हणाली.

"म्हणजे झालं."

मालक वाकून आत बघू लागले. स्क्रू पुरता आवळला होता. खाच मात्र तिरकी होती. चांगलीच तिरकी. त्यांचा हात सवयीने माझ्याकडे आला. मग तो तिथेच थांबला आणि त्यांनी तो तिच्या डोक्यावर ठेवला.

"एक नंबर," ते म्हणाले. वडिलांपेक्षा त्यांचा हात कौतुकाला सढळ होता.

त्याला आता दोन वर्षे झाली. तो स्क्रू अजून हललेला नाही. पिवळे यंत्र दुकानात राबते आणि घरच्या कामाला मला खिळ्यावरून उतरवतात, पुसतात, तेलाचा थेंब देतात. म्हणून मित्रांनो, एक म्हातारा सांगतो ते ऐका. तुमच्या घरात काही ठिबकत असेल, हलत असेल, डुगडुगत असेल, तर कुणी तपासायला येईपर्यंत थांबू नका. गुडघ्यांवर बसून एकदा आपले घर बघा. जे घट्ट हवे ते पुरते घट्ट करा, नुसते दिसण्यापुरते नको. जे सोडायला हवे ते सोडा. आणि कृपा करून माझ्या भाऊबंदांनी रंगाचे डबे उचकटू नका.

त्या घरात आजही दोनशेच्या वर खाचा उभ्या आहेत आणि एक तिरकी. ती छोट्या कपाटाच्या दाराच्या आत आहे, दार उघडल्याशिवाय दिसत नाही. त्या दुपारी स्क्रू बसवून झाल्यावर मला खाली ठेवून ती कपाटासमोर उभी राहिली होती. मालक आणि मालकीणबाई श्वास रोखून होते, आता ती विचारणार म्हणून. तिने मूठ धरली, दार उघडले आणि आपली न बसणारी चप्पल आत ठेवली.

तिने कुणालाही विचारले नाही.